कथेच्या शेवटी चमत्कार हवाच का?

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचे संपादक, मंडळ्यांचे पाळक, धर्मग्रामांचे फादर आणि ख्रिस्ती साहित्य संमेलनांचे आयोजक यांस,



नाताळ विशेषांकांची जुळवाजुळव सुरू होण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावे अशी इच्छा आहे. माझी मागणी एकच आहे. आपल्या अंकांत येणाऱ्या कथांचा शेवट आधीच ठरवून टाकणे थांबवा.

आपली कथा कशी असते ते आपण सगळेच जाणतो. दारुडा बाप असतो, सोसणारी आई असते, शेजारची कुणी बाई त्यांना प्रार्थनासभेला घेऊन जाते आणि शेवटच्या परिच्छेदात बाटली उकिरड्यावर पडते. मूल आजारी असेल तर ते बरे होते. मुलगा घर सोडून गेला असेल तर नाताळच्या आदल्या रात्री दारात उभा राहतो. अशा गोष्टी घडत नाहीत, असे मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या घरांत त्या घडल्या आहेत आणि त्या घरांतल्या माणसांची साक्ष ऐकताना माझेही डोळे भरून आले आहेत. पण साक्ष देणारा माणूस आपल्यासमोर उभा असतो. त्याच्या आवाजातला कंप आपल्याला ऐकू येतो, पुढच्या बाकावर बसलेली त्याची बायको दिसते, त्याचा भूतकाळ साऱ्या मंडळीला माहीत असतो. कथेतल्या माणसामागे यातले काहीच नसते. त्याला लेखकाने शब्दांतून उभे करायचे असते, त्याची भीती, त्याचा हट्ट, त्याचे खोटे बोलणे सगळे दाखवायचे असते. शेवट पहिल्या पानावरच ठरलेला असेल तर लेखक ही मेहनत घेत नाही आणि वाचकही त्या माणसाची वाट पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका नियतकालिकाला कथा पाठवली होती. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली एक नर्स. तिचा नातू तापाने जातो. पुढच्या रविवारी ती उपासनेला जाते, गीत सुरू होताच सगळ्यांबरोबर उभी राहते, पण गात नाही. कथा तिथे संपत होती. उत्तर आले की नातवाला वाचवा, निदान शेवटी तिला गायला तरी लावा. त्यामागचा हेतू चांगला होता. वाचकाची श्रद्धा डळमळू नये, ही काळजी होती. पण ज्या घरातले मूल खरोखरच गेले आहे त्या घरातल्या आईने तो अंक उघडला तर तिला काय मिळेल? तिच्या मुलासाठीही प्रार्थना झाल्या होत्या. पाळकसाहेब घरी येऊन गेले होते, बायकांनी उपास धरले होते. तिला वाचायला मिळते ती दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या बरे होण्याची गोष्ट, आणि ती वाचून ती स्वतःलाच विचारू लागते की आपलाच विश्वास कमी पडला का. ज्या कथेने तिच्या शेजारी बसायला हवे होते, तीच तिच्यावर आरोप करते. त्या बाईची आठवण ठेवून संपादकांनी कथा निवडाव्यात, असे मला मनापासून वाटते.

आणि आपल्या शास्त्रात तरी प्रत्येक गोष्ट कुठे नीट गाठ मारून संपते? उधळ्या पुत्राचा दाखला पाहा. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली, पण थोरला भाऊ अंगणातच उभा आहे. बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला आहे. तो आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेलेच नाही. योनाचे पुस्तक देवाने विचारलेल्या प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर त्यात नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे आणि शतकानुशतके शोकात बुडालेली माणसे ते म्हणत आली आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांचा शेवट तर घाबरून कबरेपासून पळणाऱ्या स्त्रियांवर होतो. पवित्र शास्त्राला जी मोकळीक चालते, ती बारा पानांच्या मराठी कथेला का चालू नये?

गोष्टीची भूक ही आपल्याकडे फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे आणि तेव्हा तो रोमन लिपीत छापला गेला होता. त्याच्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींपुढे गाऱ्हाणे मांडतो. जुनी पुराणे सुटली, आता मन रमवायला आमच्या भाषेत दुसरे पुराण हवे, असे त्याचे म्हणणे. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तर तर त्या लोकांना मिळतच होते. ते मागत होते गोष्ट, आपल्या ओवीच्या चालीवर, आपल्या बोलीच्या वळणाने सांगितलेली. आणि विल्टशायरहून आलेल्या त्या येशूसंघी माणसाने ती मागणी मान्य केली. वाचकाने मागावे आणि धर्मगुरूने लिहावे, अशी आपल्या कथनपरंपरेची सुरुवात आहे.

पुढे १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी जॉन बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा मराठी अवतार 'यात्रिक क्रमण' या नावाने आणला. त्यानंतरच्याच वर्षी अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. आणि १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, जिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. मराठी कादंबरीचा उगम एका ख्रिस्ती लेखकाच्या श्रद्धेतून झाला, ही गोष्ट आपण संमेलनांच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवी. पण त्या पुस्तकाने काय केले, याकडे आपण पुरेसे पाहत नाही.

बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते आणि त्यांचा बाप्तिस्मा होऊन तीनच वर्षे झाली होती. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. केशवपन झालेल्या, घरातल्या घरात कोंडलेल्या, कुणी गप्प झालेल्या, कुणी संतापलेल्या. लेखक त्यांच्या तोंडी बोलणे घालतो, त्यांना वेळ देतो. पुस्तकात धर्मचर्चाही आहेत आणि त्या लांबलेल्या आहेत, हे मान्य करायला हवे. आज वाचताना त्या पानांवर माझी नजर पुढे सरकते. विधवांच्या पानांवर मात्र ती थांबते. पदमनजी तिथे प्रवचनकार राहत नाहीत, त्या बायकांचे ऐकून घेणारा माणूस होतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ख्रिस्ताकडे ओढला गेलेला, बायकोवर माया करणारा विनायक या कादंबरीत अपघाताने मरतो. पदमनजींना त्याला वाचवणे सहज शक्य होते. त्यांनी त्याला मरू दिले आणि जिच्या वाटेवर इतका वेळ दुसऱ्यांची दुःखे येत होती, त्या यमुनेलाच विधवा केले. तिने आधी पाहिलेले प्रत्येक दुःख त्या क्षणी तिचे स्वतःचे होते. शेवटी ती ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो, म्हणजे शेवट आशेचाच आहे. पण त्या आशेची किंमत कादंबरीने आधी मोजलेली आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे धाडस ज्याने केले, त्याचे वारस म्हणवणाऱ्या आपल्याला एक नातू मेलेला सहन होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे, पण श्रद्धेविषयी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती कथालेखनाचा धडा म्हणून वाचावी. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग लगेच गेल्या नाहीत. त्या रागावल्या, खचल्या, वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सोवळे-ओवळे एका दिवसात गेले नाही. हे सारे त्यांनी लिहिले, नवऱ्याचा विक्षिप्तपणाही झाकला नाही आणि आपला हट्टही नाही. म्हणून पुढे त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय वाचकाला पटतो, तो वाचक कोणत्याही धर्माचा असो. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण करणारी बाई हीच. तिच्या श्रद्धेबद्दल कुणाला शंका घेता येणार नाही. ती श्रद्धा शंकेची पाने फाडून टाकून उभी राहिलेली नाही.

परदेशातलीही दोन उदाहरणे देतो, कारण 'प्रेरणादायी' या शिक्क्याखाली आपण जे छापतो त्याचा नमुना बऱ्याचदा तिकडून आलेला असतो. चार्ल्स शेल्डन हे अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावचे पाळक होते. त्यांची 'इन हिज स्टेप्स' ही कादंबरी १८९६ ची. रविवारी संध्याकाळी ते तिचे एकेक प्रकरण मंडळीला वाचून दाखवत आणि पुढे काय झाले हे कळायला लोक पुढच्या रविवारी येत. आधी ती एका साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्या स्वामित्वहक्कात त्रुटी राहिल्यामुळे कित्येक प्रकाशकांनी ती लेखकाला काही न देता छापली आणि ती जगभर पसरली. एक बेकार माणूस चर्चमध्ये येऊन बोलतो, कोसळतो आणि काही दिवसांनी पाळकाच्या घरी मरतो, इथून तिची सुरुवात होते. मग मंडळीतली काही माणसे वर्षभर येशूच्या पावलांवर चालण्याची शपथ घेतात. रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याला आपली कंपनी कायदा मोडते आहे याचा पुरावा सापडतो. तो राजीनामा देतो आणि त्याच्या घरातले लोक त्याच्यावर नाराज होतात. वर्तमानपत्राच्या संपादकाला नफा सोडावा लागतो. कादंबरी म्हणून तिच्यात पुष्कळ कच्चे आहे, माणसे एका रंगाची आहेत. तरीही ती लोकांच्या मनात घुसली, कारण त्या माणसांची श्रद्धा त्यांच्या पगाराला, जेवणाच्या ताटाला, बायकोच्या नजरेला भिडते. आपल्या कथांतली माणसे काय काम करतात, किती कमावतात, हे तरी आपल्याला सांगता येईल का?

दुसरे उदाहरण जपानी कॅथलिक लेखक शुसाकू एंडो यांच्या १९६६ च्या 'सायलेन्स' या कादंबरीचे. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालला आहे. तिथे पोहोचलेल्या एका पोर्तुगीज धर्मगुरूसमोर प्रश्न येतो तो स्वतःच्या मरणाचा नाही. आपण ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय दिला तर दुसऱ्यांचे हाल थांबतील, मग तो द्यावा की नाही, हा तो प्रश्न आहे. या कादंबरीवर जपानमधल्या काही कॅथलिकांनी टीका केली, आणि तीच कादंबरी पुढे जगभरच्या विश्वासणाऱ्यांनी जपून ठेवली. तिचा नायक लिस्बनहून निघून गोव्यामार्गे पूर्वेकडे जातो. इथे मला नेहमी वसईचा गोन्सालो गार्सिया आठवतो. पोर्तुगीज बाप आणि वसईची आई यांचा हा मुलगा. जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर राहिला, पण संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारी झाला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. आपण त्याचा सण करतो, मिरवणूक काढतो. पण ज्याला हव्या त्या दारातून आत घेतले गेले नाही, ज्याने मध्येच व्यापाराचे गलबत धरले, त्या तरुणाच्या मनात त्या वर्षांत काय चालले होते, तेव्हा तो प्रार्थना करत होता की करत नव्हता, हा कादंबरीकाराचा प्रश्न आहे. वसईच्या एखाद्या तरुण लेखकाने तो हाती घेतला तर फादरांनी त्याला सांगू नये की संताला शंका येत नाहीत.

इतिहासाकडे जायचीही गरज नाही. आपल्या आजूबाजूला जे आहे तेच लिहिले जात नाही. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत अशी कुटुंबे आहेत ज्यांच्या घरात दोन ओळखी नांदतात. अनुसूचित जातींना मिळणाऱ्या सवलती १९५० च्या आदेशाने हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरा. मुलाला नोकरी लागायची वेळ येते तेव्हा बाप काय करतो? रविवारी प्रभुभोजनाला हात पुढे करताना त्याला काय वाटते? पाळकसाहेबांना सगळे ठाऊक असते, मग ते त्याच्या डोळ्यांत पाहतात की पाहत नाहीत? श्रद्धा, भूक, अन्याय आणि लाज हे सगळे एका घरात एकत्र आलेले आहे. यावर कुणाकडे बोट न दाखवता, कुणालाही मोठे न करता कथा लिहिता येते. ती लिहायला आपल्यातलाच माणूस हवा, कारण बाहेरच्याला ते घर आतून दिसणार नाही. आणि ती छापायला आपलेच नियतकालिक पुढे यायला हवे.

डोक्यावर पदर घेऊन गावोगाव पायी हिंडलेल्या बायबल स्त्रियांवर आपण श्रद्धांजलीपर लेख लिहिले. त्यांच्या संध्याकाळी, त्यांचे दुखणारे पाय, त्यांच्यापैकी काहींचे एकटे म्हातारपण कथेत कुठे आहे? मिशन कंपाउंडमधली जुनी कौलारू घरे आणि त्यांच्या जागेवरून होणारे भांडण, पुण्या-पिंपरीला गेलेली मुले आणि गावातल्या मंडळीत उरलेली म्हातारी माणसे, वसईतल्या वाड्या जाऊन उभे राहिलेले टॉवर, सामवेदी बोलणारी आजी आणि ती बोली न कळणारी नात, हिंदू सून आणलेल्या घरातला पहिला नाताळ. विषय कमी नाहीत.

लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. पात्रांना पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या भाषेत बोलायला लावू नका. शेतात राबून आलेली बाई 'धन्यवादित असो' म्हणत नाही, ती 'देवाची दया' म्हणते आणि चुलीकडे वळते. तिची बोली तिला द्या, नगरची असेल तर नगरची, वसईची असेल तर वसईची. आणि आपल्या कथेतला हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध शेजारी हा फक्त बदलण्यासाठी जन्माला आलेला नसतो. त्यालाही त्याची भक्ती आहे, त्याचे शहाणपण आहे. बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपल्या लहानपणच्या घरातली व्रते, सण, देवधर्म किती बारकाईने लिहून ठेवला आहे ते पाहा. जे सोडले त्याबद्दलही ते इतके लक्ष देऊन लिहू शकले.

वाचकाला कठीण गोष्ट झेपणार नाही, हे कारण मला पटत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी वाचकाने त्यांना आपले मानले. त्यांनी 'सुवार्ता' वर्षानुवर्षे चालवली ती केवळ ख्रिस्ती लोकांपुरती ठेवली नाही. पर्यावरणापासून राजकारणापर्यंत सगळे त्या मासिकात आले. तो वाचक अजून आहे. आपल्या मंडळीतला वाचकही काही लेचापेचा नाही. तो रुग्णालयात रात्री काढतो, कर्ज फेडतो, मुलांच्या रुसव्याला तोंड देतो आणि तरी रविवारी बाकावर येऊन बसतो.

तेव्हा विनंती अशी. या वर्षीच्या विशेषांकात एका दीर्घ कथेसाठी जागा राखून ठेवा आणि ती जाहीर करताना शेवट आनंदाचा, उत्तर मिळालेल्या प्रार्थनेचा किंवा धर्मांतराचा असावा अशी अट घालू नका. लेखकाला मानधन द्या, थोडे का होईना. कथा परत पाठवायची असेल तर ती कथा म्हणून कुठे कमी पडली ते लिहा. पाळकसाहेब आणि फादर, आपण महिन्यातली एक संध्याकाळ सभागृहात कथावाचनासाठी मोकळी ठेवा. टोपेकाच्या पाळकाला जे जमले ते अहिल्यानगरला, मिरजेला, जालन्याला, वसईला जमेल. वाचनानंतर लगेच बोध सांगायला उभे राहू नका, लोकांना आपापसात बोलू द्या. संमेलनाच्या आयोजकांनी भाषणांची एक फेरी कमी करावी आणि तिथे नव्या लेखकांना अपुरी, अडलेली कथा घेऊन बसता येईल अशी जागा करावी, जिथे जुने लेखक त्यांना मदत करतील. त्या नर्सची कथा मी अजून बदललेली नाही. ती मी पुन्हा पाठवणार आहे, आणि माझ्यासारख्या इतरांनीही आपापल्या परत आलेल्या कथा पुन्हा पाठवाव्यात. त्या शेवटपर्यंत वाचा आणि मगच निर्णय घ्या.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती कथालेखक